हणमूची कात्री आणि अवनीची ओळ

हणमूने त्या सकाळी तिसऱ्यांदा हवा कापली.

द्राक्षाचा घड त्याच्या पुढ्यातच लोंबत होता. हात मोठ्या अदबीने पुढे गेला, कात्री उघडली आणि घडाच्या चार बोटं अलीकडे, जिथे काहीच नव्हतं तिथे, कचकन मिटली. मग हणमूच्या छातीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली : ‘काम झाले.’

“काय डोंबलाचं झालं?” आप्पा म्हणाले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

हणमू हा विरळणी करणारा यंत्रमानव. विरळणी म्हणजे कोवळ्या घडातले दाटीवाटीचे मणी कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. तासगावच्या आसपासच्या गावांत आता बहुतेक बागांमध्ये हे काम यंत्रमानवच करत. बागांवर वीज बनवणारी पारदर्शक छतं आली होती आणि त्या विजेवर ही मंडळी दिवसभर खपत. इतरांनी आपापले यंत्रमानव विकत आणले होते. हणमूला मात्र आप्पांनी स्वतःच्या हातांनी बनवला होता, आणि खरी गंमत तिथेच होती. कारण आप्पा, म्हणजे भूपाल मगदूम, हे साधेसुधे गृहस्थ नव्हते. बत्तीस वर्षं त्यांनी अंतराळयानांवरच्या कॅमेऱ्यांच्या जोड्या जुळवल्या होत्या. निवृत्त होऊन ते गावी आले आणि त्यांनी बाग धरली. अशा माणसाच्या यंत्रमानवाला हातभर अंतरावरचा घड सापडू नये, म्हणजे गावाला थट्टेला विषयच मिळाला.

त्यांची नात अवनी बांधावर उपड्या टाकलेल्या क्रेटवर बसून हे सगळं पाहत होती. खरं तर तिने मांडीवरच्या पुस्तकात पाहायला हवं होतं.

अवनी दहा वर्षांची, पाचवीत शिकणारी. तिच्या वर्गात वाचनाच्या तासाला सगळ्यांच्या कपाळावर लक्षपट्टी बांधत. ही मऊ पट्टी मेंदूत सतत चालणाऱ्या विजेच्या बारीक लहरी टिपायची आणि मूल किती लक्ष देतंय ते दिव्याने दाखवायची. हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे बरं, लाल म्हणजे लक्ष उडालं. अवनीचा दिवा पहिलं पान संपायच्या आतच लाल व्हायचा. गेले तीन महिने रोज असंच चाललं होतं. शेवटी शेटे बाईंची चिठ्ठी घरी आली. सोमवारी अवनीचं पुन्हा एकदा वाचन घ्यायचं, आणि दिवा लालच राहिला तर नाताळनंतर तिला ‘सावकाश तुकडी’त बसवायचं. ती तुकडी पलीकडच्या इमारतीत भरायची, तिची मधली सुट्टीही वेगळी. पहिलीपासून शेजारी बसणारी केतकी मग तिला दिवसभरात दिसलीही नसती.

शिक्षेपेक्षा जास्त छळत होतं ते कोडं. अवनी अजिबात टाळाटाळ करत नव्हती. ती दात-ओठ खाऊन वाचायची, आणि जितका जोर लावावा तितका दिवा लवकर लाल व्हायचा. डोकं ठणकायचं, एकच ओळ दोनदा वाचली जायची, मधली एखादी ओळ गायबच व्हायची. पण बाई गोष्ट वाचून दाखवू लागल्या की तिचा दिवा शेवटपर्यंत हिरवागार. ऐकताना हुशार आणि वाचताना ढ, अशी दोन डोकी आपल्या एकाच मानेवर आहेत की काय, असा तिला प्रश्न पडायचा. आईला तो आळस वाटायचा, बाईंना चंचलपणा. तिला स्वतःला काय वाटावं तेच तिला कळत नव्हतं.

“अवने, इकडं ये की जरा,” आप्पांनी हाक मारली. “ह्या पठ्ठ्याची दैनंदिनी बघू. काय चाललंय ह्याच्या डोक्यात कळू दे.”

दैनंदिनी म्हणजे हणमूच्या मेंदूने क्षणाक्षणाला काय केलं याची नोंद. आप्पांनी ती पडद्यावर उघडली आणि वाचता वाचता त्यांच्या भुवया वर चढल्या. सगळ्यात वर लिहिलं होतं : ‘कामावरील लक्ष : अत्यल्प.’

अवनीने ते वाचलं आणि तिला हसावं की रडावं कळेना. “ह्याला पण लाल दिवा?” ती म्हणाली.

“दिसतंय तर तसंच,” आप्पा पुटपुटले. “पण ह्याचं लक्ष जाईल कुठं? ह्याला ना मित्र, ना खेळ. खिडकीबाहेर बघायला ह्याला खिडकीसुद्धा नाही.”

हा प्रश्न मात्र बिनतोड होता. दोघंही खाली बसले आणि नोंद ओळीओळीने पाहू लागले. म्हणजे आप्पा वाचत होते आणि अवनी ऐकत होती.

थोड्या वेळाने आप्पा म्हणाले, “हे बघ. ह्याच्या मेंदूची ताकद आपण शंभर धरू. त्यातली वीस हात हलवायला लागावी, दहा तोल सांभाळायला, आणि उरलेली सत्तर कुठला मणी ठेवायचा नि कुठला काढायचा ते ठरवायला. खरं काम तेच. पण इथं बघ, ऐंशी ताकद दुसरीकडंच चाललीय. ‘चित्रे जुळवणे.’ चित्रं जुळवायची, ती सुटली की पुन्हा जुळवायची, परत सुटली की परत.”

“कसली चित्रं?”

“ह्याला दोन डोळे आहेत ना, दोन कॅमेरे. प्रत्येक कॅमेरा आपलं वेगळं चित्र मेंदूला पाठवतो. मेंदू त्या दोघांचं मिळून एक चित्र करतो. ह्याला म्हणतात चित्रमीलन (दोन डोळ्यांच्या दोन चित्रांतून मेंदूने एकच चित्र बनवणं). ते जमलं तरच घड किती लांब आहे ते कळतं. पण ह्याचं जमेचना झालंय, आणि का जमत नाही ते मला कळत नाही. कॅमेरे मी स्वतः जुळवलेत, केसाइतकासुद्धा फरक ठेवला नव्हता.”

आप्पांनी हणमूचं डोकं टाकीकडे वळवलं. गावची पाण्याची टाकी तिथून दोन किलोमीटर लांब, तिच्यावर लाल रंगात आकडा रंगवलेला. हणमूने तो आकडा पटकन सांगितला. चित्र एकच, स्पष्ट, तंतोतंत जुळलेलं. मग आप्पांनी त्याला पुन्हा घडाकडे वळवलं आणि पडद्यावर दोन घड दिसू लागले, एकमेकांवरून सरकणारे, जवळ येणारे, परत लांब जाणारे.

“हात टेकले बाबा,” आप्पा म्हणाले. “लांबचं दिसतंय नि जवळचं दिसत नाही. काच तर दोन्हीकडं स्वच्छ आहे.”

अवनी त्या सरकणाऱ्या घडांकडे पाहत होती. तिला ते दृश्य मुळीच नवीन वाटलं नाही. “आप्पा, ह्याचा एक डोळा झाका की,” ती सहज बोलून गेली. “मी तसंच करते. हनुवटीला हात लावल्यासारखं करायचं आणि बोटांनी एक डोळा झाकून टाकायचा. बाई रागावतात, नीट बस म्हणतात. पण त्यानं शब्द एक होतो.”

आप्पांनी खिशातून रुमाल काढला होता, तो हातातच राहिला.

“एक होतो म्हणजे? एरवी किती असतात?”

“दोन,” अवनी म्हणाली. आप्पांना एवढी साधी गोष्ट कशी माहीत नाही याचंच तिला नवल वाटलं. “थोडं वाचलं की दोन होतात. मग डोळे ताणून परत एक करायचा, पुढं जायचं, की परत दोन. सगळ्यांना दोनच दिसतात ना? फक्त बाकीच्यांना ते पटकन एक करता येतात, मला येत नाहीत.”

आप्पांचा चेहरा असा झाला की आपण काहीतरी चुकीचं बोललो असं अवनीला वाटलं.

“अवने,” ते हळूच म्हणाले, “सगळ्यांना एकच दिसतो.”

अवनीला ते खरंच वाटेना. एकच दिसतो? न ताणता, आपोआप? मग केतकी एवढं भराभर वाचते ते तिला डोळे ताणावेच लागत नाहीत म्हणून? तिच्या डोक्यात सगळाच गोंधळ उडाला. तिला एकदम रडू आलं, आणि कशाचं येतंय तेही तिला सांगता येईना.

आप्पांनी तिला रडू दिलं. मग त्यांनी विरळणीत पडलेल्या मण्यांतला एक देठासकट उचलला आणि तिच्या डोळ्यांसमोर हातभर लांब धरला. “ह्या मण्याकडं बघत राहा. मी जवळ आणतो. एकाचे दोन झाले की सांग.”

मणी हळूहळू नाकाकडे येऊ लागला. अवनीचे दोन्ही डोळे त्याच्याबरोबर आत वळू लागले. एक वीतभर अंतर उरलं असेल, तेवढ्यात उजवा डोळा थरथरला आणि बाहेरच्या बाजूला निसटला.

“दोन,” अवनी म्हणाली.

आप्पांनी पुन्हा करून पाहिलं. डोळा पुन्हा तिथेच निसटला. मग त्यांनी मणी अवनीच्या हातात दिला आणि “आता माझ्या नाकाजवळ आण,” असं सांगितलं. त्यांचे म्हातारे डोळे मणी चार बोटांवर येईपर्यंत इमानेइतबारे आत वळले, अगदी तिरळ्यासारखे, आणि एवढ्या सगळ्यात अवनीला फस्सकन हसू आलं.

“आता ऐक,” आप्पा म्हणाले. “लांबचं बघताना दोन्ही डोळे सरळ समोर असतात, त्यांना फारसे कष्ट नाहीत. जवळचं बघताना मात्र दोघांना नाकाकडं आत वळावं लागतं. ह्याला म्हणतात अभिसरण (दोन्ही डोळे एकाच जवळच्या बिंदूकडे एकत्र वळणं). डोळे वळवायला बारीक बारीक स्नायू असतात आणि त्यांना हुकूम देतो मेंदू. कुणाकुणाची ही जोडगोळी जवळच्या कामात कमी पडते. एक डोळा शब्दावर, दुसरा शब्दाच्या शेजारी. मेंदूला दोन चित्रं मिळतात. मग तो बिचारा ती ओढूनताणून जुळवत बसतो, हणमूसारखा.”

“ऐंशी ताकद?” अवनीने विचारलं.

“तुझा नेमका आकडा मला नाही सांगता यायचा, तू काय यंत्र नाहीस. पण शब्द धरून ठेवण्यातच एवढी शक्ती गेल्यावर गोष्ट समजून घ्यायला उरणार किती? ऐकताना डोळ्यांचं कामच नाही. म्हणून तेव्हा दिवा हिरवा.”

अवनीने हणमूकडे पाहिलं. तो पडद्यावर दोन घड घेऊन निमूटपणे उभा होता. आणि मग तिला आणखी एक प्रश्न पडला. “पण आप्पा, जूनमध्ये माझे डोळे तपासले होते की. तुम्हीच नेलं होतं. सगळं बरोबर आलं होतं.”

हे ऐकलं आणि आप्पांनी मान वळवून टाकीकडे पाहिलं.

जूनमध्ये भिंतीवरच्या तक्त्यावरची अगदी खालची ओळ अवनीने घडाघडा म्हणून दाखवली होती. तक्ता होता सहा मीटर अंतरावर. ‘पोरीची नजर घारीसारखी आहे,’ असं आप्पांनीच घरी येऊन सांगितलं होतं. आणि हणमूचे कॅमेरे त्यांनी जुळवले होते ते दोन किलोमीटरवरच्या टाकीवर. बत्तीस वर्षं त्यांनी कॅमेरे लांबच्या ताऱ्यांवर जुळवले. अंतराळात सगळंच लांब असतं, त्यामुळे जवळचं तपासायची सवयच त्यांना नव्हती. एरवी कुणी असली चूक केली नसती. हणमूच्या डोळ्यांना फार आत वळू न देणारा एक स्क्रू त्यांनी सवयीने तसाच आवळून ठेवला होता.

“लांबचं तपासलं आणि काम सांगितलं जवळचं,” ते म्हणाले. “ह्याच्याही बाबतीत आणि तुझ्याही. चुकलं माझं, पोरी.”

हणमूचा स्क्रू त्यांनी दहा मिनिटांत सैल केला. कॅमेरे आत वळले, दोन घडांचा एक घड झाला आणि कात्रीने नेमका दाटीतला मणी टिपला. अवनी लगेच म्हणाली, “आता माझा स्क्रू.”

“तुझ्यात स्क्रू नाही, आणि तुला मी हात लावणार नाही,” आप्पा म्हणाले. “त्याला जाणकार माणूस पाहिजे.”

दुपारच्या बसने आई, आप्पा आणि अवनी मिरजेला डॉक्टर नसीम बारगीर यांच्याकडे गेले. दोन डोळे मिळून काम कसं करतात हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांनी तासभर निरनिराळ्या चाचण्या घेतल्या आणि आप्पांचा अंदाज खरा असल्याचं सांगितलं. पण आईने “म्हणजे वाचनाचं दुखणं डोळ्यांतच असतं तर,” असं म्हणताच त्यांनी मान हलवली.

“प्रत्येकाचं नाही हां, ताई. वाचायला अडखळणाऱ्या कितीतरी मुलांचे डोळे अगदी ठीक असतात. त्यांना अक्षर आणि आवाज जोडायला वेळ लागतो, ती गोष्ट वेगळी, तिची मदतही वेगळी. कुणाचं मन खरंच एका जागी टिकत नाही. कुणाकुणाला दोन्ही त्रास असतात. बाहेरून सगळं सारखंच दिसतं, म्हणून तर तपासायचं. हिच्या डोळ्यांना सराव देऊ. दर आठवड्याला इथं, आणि रोज थोडा घरी. दोन-तीन महिने तरी लागतील.”

आणि त्यांनी अवनीच्या हातात एक दोरी ठेवली. तिच्यात तीन रंगांचे तीन लाकडी मणी ओवलेले होते. एक टोक नाकाशी धरायचं, दुसरं खिडकीला बांधायचं, आणि एकेका मण्यावर दोन्ही डोळे नेऊन टिकवायचे.

सोमवार उजाडला. दोन दिवसांच्या सरावाने काही डोळे बदलत नाहीत, हे अवनीला ठाऊक होतं. डॉक्टरांचा कागद दप्तरात होता, पण दिवा कागद वाचत नाही, हेही ठाऊक होतं. शेटे बाईंनी पट्टी बांधली, पुस्तक उघडून दिलं. अवनीने वाचायला सुरुवात केली. चौथ्या ओळीला शब्द फुटले. दिवा पिवळा झाला, मग लाल.

बाईंनी सुस्कारा सोडला. त्या वाईट नव्हत्या, त्यांनाही हे आवडत नव्हतं. त्यांनी सावकाश तुकडीचा अर्ज पुढे ओढला.

“बाई, थांबा ना,” अवनी म्हणाली. तिने तळहाताने उजवा डोळा झाकला आणि तेच पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली. एक ओळ झाली, दोन झाल्या. बाई दिव्याकडे पाहत राहिल्या. लालचा पिवळा झाला. पान उलटलं तेव्हा तो हिरवा होता.

“हे कसं काय?” बाई पुरत्या बुचकळ्यात पडल्या. “एक डोळा झाकल्यावर लक्ष वाढतं?”

“वाढत नाही, बाई. लक्ष मी आधीही देत होते,” अवनी म्हणाली. “पण ते सगळं शब्द धरून ठेवण्यातच संपत होतं.”

अवनीने दप्तरातून काढून दिलेला डॉक्टरांचा कागद बाईंनी दोनदा वाचला. मग लक्षपट्टी हातात घेऊन कितीतरी वेळ उलटसुलट करून पाहिली. “लक्ष गोष्टीवर नाही एवढं ह्या पट्टीला कळतं,” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. “ते कुठं खर्च होतंय, हे आपण विचारायचं असतं. आणि मी विचारलंच नाही.” त्यांनी अर्ज खणात ठेवून दिला. अवनी केतकीशेजारी जाऊन बसली.

दोरीवरच्या मण्यांनी पुढे अवनीला पुष्कळ छळलं. काही दिवस डोळे दुखले, काही दिवस तिने दोरी मुद्दाम हरवली आणि आईने ती शोधून काढली. पण फेब्रुवारीत हणमू पिकलेले घड उतरवू लागला तेव्हा लाल मणी नाकापासून चार बोटांवर आला तरी एकच राहत होता. वाचनाचा वेग अजून केतकीइतका नव्हता. इतके दिवस निसटलेलं वाचन भरून काढायला वेळ लागणारच होता. पण दोन पानांपर्यंत डोकं दुखत नव्हतं, आणि एका गोष्टीचा शेवट तिने पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी वाचला होता.

त्याच आठवड्यात एका सकाळी शेटे बाई तिला म्हणाल्या, “चल माझ्याबरोबर,” आणि तिला पलीकडच्या इमारतीत घेऊन गेल्या. सावकाश तुकडीत अकरा मुलं होती. बाईंनी त्यांना पुस्तक उघडायला लावलं, एक पान वाचू दिलं आणि मग विचारलं, “तुम्हाला शब्द एक दिसतो की दोन?”

मुलं हसू लागली. एक, एक, असं जो तो म्हणाला. बाईंनी मान डोलावली. ह्यांच्या अडचणीचं कारण वेगळं होतं आणि ते वेगळं शोधावं लागणार होतं.

खिडकीजवळची एक मुलगी मात्र हसत नव्हती. तिची हनुवटी हातावर टेकलेली होती आणि बोटांनी एक डोळा अर्धा झाकला होता. ती गोंधळून एकदा बाईंकडे, एकदा मुलांकडे पाहत होती.

“दोन,” ती म्हणाली. “सगळ्यांना दोनच दिसतात ना?”

अवनीने दप्तरातून तीन मण्यांची दोरी काढली आणि ती तिच्या बाकावर सरकून बसली.